बॉनेटवरचा सॅटिन पट्टा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

चकचकीत गाडीच्या बॉनेटवर मधोमध काळा सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, पट्टा मारायचा, हे काम शिकताना मला सोपं वाटलं होतं. अख्ख्या गाडीपुढे एवढासा तर तुकडा! प्रत्यक्षात तो अवघड निघाला, आणि कारण एकच. चकचकीत क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, धुळीचा कण बसला किंवा ओघळ आला तर सुकल्यावर २००० नंबरच्या घासकागदाने (पेपरने) घासून, पॉलिश मारून तो घालवता येतो. सॅटिनला ती सोय नाही. त्यातल्या मॅटिंगच्या, म्हणजे चमक मारणाऱ्या, बारीक कणांमुळे वरचा थर सूक्ष्म खडबडीत राहतो, म्हणून उजेड विखुरतो. तिथे पॉलिश फिरवलं की तेवढाच डाग चमकायला लागतो. चूक झाली की घासून पुन्हा मारणं, एवढाच उपाय. त्यामुळे स्प्रे गन हातात घेण्याआधीची तयारी हेच खरं काम, असं मी आता मानतो.

सुरुवात धुण्यापासून. आधी साबणाने, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून घ्या. हे घासण्याच्या आधीच झालं पाहिजे. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन बॉनेटवर असताना पेपर मारला तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग पडल्यावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे उठतात.

मध्य काढताना मी पहिल्यांदा काचेवर पाणी मारणाऱ्या नोझलांवर भरवसा ठेवला. टेप लावून दहा पावलं मागे गेलो तर पट्टा एका बाजूला सरकलेला. तेव्हापासून बॉनेटच्या दोन्ही कडांपासून पुढे, मधे आणि मागे अशा तीन ठिकाणी मापं घेतो. आकार वळणदार असेल तर अर्ध्या भागाचा कागद कापायचा आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. डोळ्याच्या अंदाजाने दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत.

कडेला साधी कागदी टेप लावू नका. तिच्या सुरकुत्यांतून रंग आत झिरपतो आणि कड करवतीसारखी दिसते. प्लास्टिकची फाइनलाइन टेपच हवी: सरळ रेषेला ६ मिमी, वळणाला ३ मिमी. सरळ रेषेसाठी एक टोक चिकटवा, रोल लांब धरा, एक डोळा मिटून रेषेवर नजर लावा आणि टेप अलगद खाली सोडा. ताणून चिकटवली तर ती हळूहळू आखडते आणि वळणावर उचलली जाते. मग कडेवरून नख दाबत फिरवा. उरलेल्या गाडीवर मास्किंग पेपर किंवा प्लास्टिक टाका. वर्तमानपत्र नको, थिनर त्यातून आरपार जातो.

टेपच्या आत ८०० च्या पेपरने, कडेजवळ करड्या स्कॉचब्राइटने हलक्या हाताने घासा. कुठेही चकाकी उरता कामा नये. तिथूनच पुढे रंग सुटतो.

रंगाचा डबा तळापासून ढवळा, मॅटिंगचे कण खाली बसलेले असतात. मिश्रण एकाच भांड्यात, पूर्ण कामाला पुरेल एवढं करा. दुसऱ्यांदा बनवलेल्या मिश्रणाची चमक नेमकी तशीच येईल याची खात्री नसते. गाळून घ्या. आणि रंग कडक करायला मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तेव्हा साध्या कापडी मास्कवर हे काम कधीच करू नका. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि चालू एक्झॉस्ट, यात तडजोड नाही.

पहिला हलका कोट टेपकडून आतल्या दिशेने मारा, म्हणजे फवारा टेपखाली घुसत नाही. नंतरचे कोट एकसारखे, दर फेरीला आधीच्या फेरीवर तेवढाच ओव्हरलॅप. बॉनेट रुंद असतं, हात पलीकडे पोचत नाही. मी एकदा एका बाजूने अर्धं मारलं, मग वळसा घालून उरलेलं. सुकल्यावर मधोमध चार बोटं रुंदीची कोरडी, फिकट पट्टी उमटली, कारण दुसऱ्या बाजूचा उडालेला रंग अर्धवट सुकलेल्या थरावर बसला होता. सगळं पुन्हा घासावं लागलं. आता शक्य असेल तर बॉनेट काढून स्टँडवर उभं करतो आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात गन नेतो.

पहिला कोट पूर्ण मंद दिसेपर्यंत दुसरा मारू नका. इथेच नव्या माणसाचा धीर सुटतो. ओल्यावर ओला कोट चढला की आतला थिनर अडकतो आणि ढगांसारखे चमकते ठिपके येतात. जाड थरही जास्त चकाकतो, शिवाय कडेला पायरी तयार होते.

टेप काढायची वेळ सगळ्यात नाजूक. रंग बोटाला लागत नाही, पण अजून कडक झालेला नाही, त्या वेळी काढा. टेपचं टोक उचलून तिच्यावरच दुमडा आणि पट्ट्यापासून बाहेरच्या दिशेला, तिरकी, सावकाश ओढा. रात्रभर ठेवली तर कडेचे टवके टेपबरोबर येतात. बरोबर वेळ साधली असेल तर टेप सुटताना बारीकसा आवाज येतो आणि काळ्या मंद रंगाशेजारी चकचकीत रंगाची रेघ सुरीने कापल्यासारखी उघडी पडते.