संहिता घरी ठेवा, कपाट घेऊन या

आमची एकांकिका स्पर्धेत आपटली होती, तरी तिची फिल्म करायचं खूळ जाईना. मित्रानेच लिहिलेली, त्यामुळे परवानगी चहावर मिळाली. तुम्ही मात्र ती लेखी घ्या. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि भाषांतर असेल तर भाषांतरकाराचे वेगळे.

पहिले दोन दिवस ठाण्यातल्या एका हॉलमध्ये काळा पडदा लावून आम्ही पानापानाने नाटकच शूट केलं. एडिटला बसलो आणि तोंडं उतरली. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला आवाज क्लोजअपमध्ये भांडण वाटत होता. त्याहून वाईट म्हणजे खुर्ची. नाटकात रिकामी खुर्ची ही 'आई' होती आणि प्रेक्षक ते मुकाट मान्य करायचे. कॅमेऱ्यापुढे ती भाड्याची खुर्चीच राहिली.

त्याच आठवड्यात दिग्दर्शक खोदोरोव्स्कीची 'फांदो ई लिस' ही फिल्म पाहिली. १९६८ची, कृष्णधवल. मूळ नाटक नाटककार अराबालचं. खोदोरोव्स्कीने ते आधी रंगमंचावर केलं होतं आणि फिल्म केली ती त्या नाटकाच्या आठवणीवरून. फांदो अपंग लिसला गाड्यावर घालून ओसाड खडकांतून 'तार' नावाचं शहर शोधत जातो. खडक खरे, गाडा खरा, म्हणूनच ते सगळं स्वप्नासारखं अंगावर येतं. मेक्सिकोतल्या अकापुल्कोच्या महोत्सवात या फिल्मवरून दंगा झाला. (आपल्याकडे दंगा होत नाही, लोक चहाला उठतात.)

मग आम्हीही संहिता घरी ठेवली. नाटकातलं काय आठवतंय ते प्रत्येकाने एका कागदावर लिहिलं. खुर्ची कोणालाच आठवली नाही. आईच्या कपाटाचा कुरकुरणारा दरवाजा चौघांना आठवला. मावशीचं लोखंडी कपाट टेम्पोत घालून पारसिकच्या डोंगरातल्या एका बंद दगडखाणीत नेलं. जागामालकाची परवानगी आधीच काढली होती. टेम्पोवाल्याने विचारलं, "इथं राहतं कोण?" हे वाक्य फिल्ममध्ये आहे.

खाणीत नऊनंतर दगड तापतो आणि उजेड सपाट होतो, म्हणून सकाळी साडेसहालाच कॅमेरा लावायचो. लांबून डंपरची घरघर यायची. संवाद शेवटी बंद गाडीत, काचांना गोधड्या लावून रेकॉर्ड केले. आमच्या बजेटमध्ये कॅमेऱ्यापेक्षा टेम्पो महाग पडला, तेव्हा आधी सामानाची ने-आण धरा, मग लेन्सची स्वप्नं बघा.

कपाट मावशीकडे परत गेलंय. लॉकरमधून अजून खडी निघते म्हणे.