एचडी टीव्ही घेताय? आधी सेटटॉप बॉक्सची मागची बाजू बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत टीव्ही बघायला जाण्याआधी घरातला सेटटॉप बॉक्स उलटा करा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीच जोडलेल्या असतील, तर नवा टीव्ही आणूनही चित्र जुनंच राहणार. मोठ्या पडद्यावर तर ते जास्तच फुटतं. बॉक्स एचडी हवा, एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी) हवी, पॅकमध्ये एचडी चॅनेल हवेत. चॅनेलचे पैसे दर महिन्याला जातात, तेही हिशेबात धरा.

फरक मात्र खरा आहे. साध्या चॅनेलच्या चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके, फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे पाचपट. फुटबॉलवेड्या पेठांत हा खर्च वसूल होईल. लांबच्या शॉटमध्येही चेंडू आणि जर्सीचा नंबर नीट दिसतो. नुसत्या बातम्या आणि मालिकांसाठी, माझ्या मते, जुना टीव्ही बंद पडेपर्यंत थांबावं.

४३ इंची टीव्ही आठ-दहा फुटांवरून बघणार असाल तर फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपके) आणि फुल एचडीतला फरक बहुतेकांना कळत नाही. ३२ इंचीवर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असेल तर ते फुल एचडी नव्हे. आणि दुकानातल्या झगमगीत डेमोवर जाऊ नका, रोजचं चॅनेल लावून दाखवायला सांगा.