अँटवर्पचं नदीकाठचं रूप फुकटात पाहायचं असेल तर

बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या जुन्या भागातून कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा फोटोत पूर्ण बसत नाही, कारण गल्ल्या अरुंद आहेत. त्यासाठी शेल्ट नदीच्या पलीकडे जा. बोटीची सफर लागत नाही.

१. ग्रोटे मार्क्ट या जुन्या शहरातल्या मुख्य चौकातलं ब्राबोचं कारंजं आधी पाहा. नावाड्यांकडून जकात घेणाऱ्या, न देणाऱ्याचा हात तोडणाऱ्या अँटिगून राक्षसाचाच हात ब्राबोने कापून नदीत भिरकावला, ही दंतकथा. पुतळ्यात तो फेकण्याचाच क्षण आहे.

२. तिथून दक्षिणेला सिंट-यान्सव्लीट चौकात चालत जा. नदीखालून पलीकडे नेणाऱ्या सिंट-आना बोगद्याचं दार तिथेच आहे.

३. लाकडी सरकत्या जिन्यांनी ३१ मीटर खाली उतरा. १९३३ सालचे हे जिने अजून चालतात, ते निवांत पाहण्यासारखे आहेत. पुढे ५७२ मीटर चाल. तिकीट नाही.

४. पलीकडे वर आलात की नदीकाठी उभं राहा: मनोरा, स्टेन किल्ला, सगळं एका चौकटीत.

दुपारनंतरच जा. शहर पूर्वेला असल्याने सकाळी ऊन थेट कॅमेऱ्यात येतं.

बोगद्यात सायकलीही धावतात, त्यामुळे मुलांचा हात सोडू नका.