बिवा सरोवरावर बास धरायला जाताय? आधी हे ठरवा

मोठा बास मासा म्हटलं की जपानचं बिवा सरोवर आठवणारच. २००९ मध्ये मानाबु कुरिता यांनी इथेच दहा किलोंहून जड लार्जमाउथ बास धरून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या १९३२ च्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. पण 'धरा, फोटो काढा, सोडून द्या' ही सवय इथे चालत नाही. बास हा तिथे उपरा मासा, स्थानिक मासे फस्त करणारा. म्हणून शिगा प्रांतात २००३ पासून धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि जिवंत बास दुसरीकडे नेणं तर देशभर बेकायदा. काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात, मासा त्यात टाकायचा.

तेव्हा तिकिटं काढण्याआधीच सोबत येणाऱ्यांशी बोलून घ्या. एखाद्याला मासा मारवत नसेल तर बोटीत वाद घालण्यापेक्षा दुसरा देश निवडलेला बरा. खायचा असेल तर कातडी काढूनच तळा, वास तिच्यातच असतो.

फोटोसाठी अंगठा खालच्या जबड्यात आणि दुसरा हात पोटाखाली. दात पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात. संध्याकाळपर्यंत अंगठा सोलवटला, की समजा दिवस चांगला गेला.