पाच कुर्ते, तीन पँट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या डिझाईन स्टुडिओत युनिफॉर्म नाही, त्यामुळे रोज सकाळी कपाटासमोर उभं राहण्यात वेळ जायचा. म्हणून मी मोजकेच कपडे ठेवायचं ठरवलं. तुम्हालाही जमेल. आधी सगळे कपडे पलंगावर काढा. वर्षभरात अंगाला न लागलेले देऊन टाका. मग रंग ठरवा. मी निळा, पांढरा आणि मातकट एवढेच ठेवले. पाच कुर्ते, तीन पँट, म्हणजे पंधरा जोड्या. कापड सुतीच घ्या, इचलकरंजी जवळच आहे. शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर आटतं. माझ्या निळ्या कुर्त्याची बाही पहिल्याच धुण्यात मनगटाच्या वर गेली, अजून हळहळ वाटते. टेलरला खिसा खोल सांगा, स्केचपेन मावलं पाहिजे. पायात कोल्हापुरी, पण पावसाळ्यात ती कागदात गुंडाळून ठेवा, भिजलं की कातडं फुगतं. तेवढे चार महिने रबरी सँडल.