मशीन वाजलं, आता खणायचं का?

आमच्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पोलिसांचं बॉम्बशोधक पथक आणि गुप्तधन. मी यातलं काहीच करत नाही. परभणी, सेलू, जिंतूर या भागात रानात हरवलेले दागिने शोधून देतो. कापूस वेचताना कानातलं झाडाला अडकून पडतं, निंदताना अंगठी चिखलात जाते, मळणीच्या गडबडीत डोरलं तुटतं आणि ते कळतं संध्याकाळी घरी गेल्यावर. अशा वेळी बोलावणं येतं. हल्ली काही तरुण पोरं ऑनलाइन मशीन मागवतात आणि आठ दिवसांत फोन करतात, ‘दादा, हे सगळीकडंच वाजतंय, खणायचं तरी कुठं कुठं?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मशीन नेमकं काय ऐकतं ते समजून घ्या. खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. त्यामुळे धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. परत आलेली लहर मूळ लहरीच्या किती मागं पडली, यावरून मशीन पडद्यावर आकडा दाखवतं. हे मागं पडणं धातूवर अवलंबून असतंच, पण तुकड्याचा आकार, जाडी आणि तो कसा पडलाय यावरही असतं. म्हणून सोन्याचा असा ठरलेला आकडा नाही. कंपनीच्या पेटीवर चित्र काहीही असो, मशीनला सोनं ओळखता येत नाही.

आकड्यांची पट्टी प्रत्येक मशीनची निराळी, पण क्रम साधारण एकच. सगळ्यात खाली लोखंड. त्याच्या वर पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोनं. मध्ये पितळ, जाड ॲल्युमिनियम, जाड अंगठी. वरती तांबं आणि चांदी. खरी डोकेदुखी दुसऱ्या पायरीवर आहे. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद, कीटकनाशकाच्या पुडीचा तुकडा आणि बाईच्या कानातली बारीक बाळी, तिघांचा आवाज एकसारखा येऊ शकतो. कापसाच्या रानात फवारणीच्या पुड्या किती पडलेल्या असतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. उलट चांदीची जोडवी शोधणं त्यामानानं सोपं. तिचा सूर उंच आणि स्वच्छ, आणि त्या पट्ट्यात रानात फारसा कचरा नसतो.

नाण्यांवर मशीन तपासणाऱ्यांसाठी एक इशारा. १९९२ पासूनचा एक रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटतं. त्यामुळे मशीन त्याला लोखंडाकडं ढकलतं किंवा आकडा नाचवतं. परदेशी व्हिडिओत नाणं कसं गोड वाजतं ते बघून आपला रुपया जमिनीवर ठेवाल तर मशीन बिघडलं असंच वाटेल.

आता रानातलं काम. माझ्या मते अर्धा शोध मशीन चालू करण्याआधीच होतो. मावशीला खाली बसवून शांतपणे विचारायचं. दागिना कोणता? भरीव की पोकळ? बंद कडी की साखळी? हे शेवटचं फार महत्त्वाचं. अंगठी म्हणजे बंद वर्तुळ, तिच्यात प्रवाह मोकळा फिरतो, म्हणून ती चांगली वाजते. बारीक साखळीत प्रत्येक कडी सुटी असते, मशीनला ती एका कडीएवढीच दिसते. दोन तोळ्यांची साखळी अर्ध्या ग्रॅमच्या फुलीइतकीच क्षीण वाजली तर नवल नाही. साखळी शोधताना खरं तर आपण तिचा अडकवायचा हूक नाहीतर पदक शोधत असतो. डोरल्याचं किंवा मंगळसूत्राचं असेल तर वाट्यांवर भरवसा ठेवा. आत लाख भरलेली असली तरी वरचा पत्रा पसरट असतो, त्याचा आवाज येतो. काळे मणी काचेचे, ते काही बोलत नाहीत.

मग विचारायचं, कधी पडलं? त्यानंतर वखर, रोटाव्हेटर फिरलं का? पाऊस झाला का? आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगांत हात जाईल इतकी. मार्च-एप्रिलमध्ये पडलेली अंगठी सरळ भेगेत फूटभर खाली जाऊ शकते आणि पावसात माती फुगली की वरून तोंड बंद. चांगलं मशीनसुद्धा अंगठी साधारण कॉइलच्या रुंदीएवढ्याच खोलीपर्यंत पकडतं, बारीक फुली तर दोन-तीन इंचांच्या पुढं बहुधा नाहीच. म्हणून भेगाळलेल्या रानात शोधायचं असेल तर पावसाची वाट बघू नका. आधी बॅटरीच्या उजेडात भेगा डोळ्यांनी बघा.

याच मातीचा दुसरा त्रास म्हणजे तिच्यातलं लोखंड. जवळजवळ सगळा मराठवाडा बसाल्टवर बसलाय. त्या दगडात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असतात आणि दगड झिजून झालेल्या मातीतही ती उतरतात. त्यामुळे कोणताही धातू नसताना जमीन स्वतःच मशीनला उत्तर देते. ग्राउंड बॅलन्स करायचा तो यासाठी. धातू नाही अशा जागी कॉइल जमिनीपासून वर-खाली हलवायची आणि घरघर एकसारखी होईपर्यंत जुळवायचं. काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात गेलात की पुन्हा, पाऊस पडून गेला की पुन्हा. आणि संवेदनशीलता पूर्ण वर नेऊ नका. नवे लोक हमखास तेच करतात. आपल्या जमिनीत ती थोडी कमी ठेवली तर मशीन जास्त खोल ऐकतं, कारण जमिनीचा गोंगाट कमी होतो. भेगेवरून कॉइल गेली तरी ‘टक्’ असा तुटक आवाज येतो. तसंच काही तांबूस, जड दगड धातूसारखे वाजतात. त्यांची खूण अशी की कॉइल दोन-तीन इंच उचलली की आवाज एकदम मरतो आणि हळू फिरवली की पसरट होतो. अंगठीचा आवाज उचलल्यावर कमी होतो, पण टोकदार राहतो.

लोखंडाचं सांगायचं तर आपलं रान म्हणजे लोखंडाचं दुकान. बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या आणि त्यांचे खिळे, तिफणीचे नट, बाइंडिंग वायरचे तुकडे, कधीकाळी हरवलेला विळा. यातला खिळा ओळखायला सोपा. एका दिशेनं फिरवलं की वाजतो, काटकोनात उभं राहून फिरवलं की घरघरतो किंवा गप्प होतो. म्हणून नियमच ठेवा, प्रत्येक आवाज दोन दिशांनी तपासायचा. दोन्हीकडून आकडा दोन-तीन घरांत स्थिर राहिला तर थांबायचं. दहा-वीसच्या उड्या मारत असेल तर बहुधा लोखंड. फसवतात ते वॉशर, बाटल्यांची झाकणं आणि पसरट पत्रे. लोखंड असूनही गोल, सपाट असल्यामुळे ते वरच्या पट्ट्यात, चांदीच्या जागी वाजतात. झाकणावरून कॉइलची कड नेऊन बघा, मधला गोड आवाज कडेला खरखरीत होतो. कानाला ही खरखर एकदा कळली की पडद्याकडं बघणं आपोआप कमी होतं.

लोखंड पूर्ण गप्प करायची सोय मशीनमध्ये असते. ती वापरू नका. खिळ्याशेजारी बाळी पडली असेल तर खिळ्याबरोबर बाळीही गप्प होते. लोखंडाला वेगळा खालचा सूर द्या आणि ऐकत राहा. त्या घरघरीत मध्येच एखादी बारीक ‘टिंग’ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर ती जागा सोडू नये. तिथं लहान कॉइल लावली तर दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात.

खणायचं की नाही हे वस्तूवर ठरतं, माझं सगळं म्हणणं एवढंच. हरवलंय ते चांदीचं जोडवं असेल तर वरच्या पट्ट्यातला, दोन्हीकडून स्थिर आवाजच खणा, बाकीचं सोडा, दिवस वाचेल. हरवलीय ती सोन्याची फुली असेल तर मात्र लोखंडाच्या वरचं जे जे म्हणून उथळ आणि लहान वाजेल ते सगळं काढावं लागेल, पुड्यांसकट. तिथं ‘हा कचराच असणार’ असं म्हणायची मुभा नाही. आकार ओळखण्यासाठी कॉइल हळूहळू उचला. फूटभर उचलूनही वाजतंय म्हणजे ती फुली नव्हे, डबा किंवा पाइप आहे. आणि दागिना कालच पडला असेल, रानात औत फिरलं नसेल, तर सहा इंच खोलचा आवाज कितीही गोड असला तरी आपला नाही.

लायटीचंही सांगतो. डीपीजवळ किंवा अकरा केव्हीच्या तारांखाली मशीन उगाच बडबडतं, आकडे नाचतात. फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असेल तर बदलून बघा, खिशातला मोबाइल लांब ठेवा. नाहीतर सरळ शेतीची लाइट कधी जाते ते विचारा आणि तेव्हा शोधा. लोडशेडिंगचा फायदा झालेला माणूस मराठवाड्यात विरळा, त्यात आपण.

मळणीत हरवलं असेल तर खणायचा प्रश्नच नाही. हडंब्यापासून, म्हणजे मळणीयंत्रापासून, लांब ताडपत्री अंथरून भुसकट थोडं थोडं पसरायचं आणि वरून कॉइल फिरवायची. खाली जमिनीचा गोंगाट नाही, आवाज स्वच्छ येतो. पण ताडपत्रीखालची जागा आधी तपासून घ्या.

सरावासाठी घरामागं थोडी मोकळी जागा घ्या. बाळी, अंगठी, जोडवं, पत्रीचा खिळा, झाकण, गोळ्यांचं पाकीट, रुपया हे वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि जवळ खुंट्या ठोका. सोनं दोऱ्याला बांधून पुरा, नाहीतर घरातून बोलणी बसतील. मग पडदा झाकून नुसतं ऐका. नुकती खणलेली माती भुसभुशीत असते, म्हणून पहिल्या पावसानंतर पुन्हा ऐका, फरक कळेल.

काही आवाज मात्र ऐकून सोडून द्यायचे. आवाज एका रेषेत लांब जात असेल तर ती विहिरीवरच्या मोटारीची केबल किंवा लोखंडी पाइप आहे, तिथं टिकाव घालू नका. विहिरीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगावर तर मी मशीन लावतच नाही. विहिरी सुरुंगानं फोडतात, न उडालेला डेटोनेटर त्या ढिगात असू शकतो. त्याची नळी ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची असते आणि मशीनवर ती निरुपद्रवीच वाजते.

आणि पांढरी. गावालगत राखट मातीचं जुनं टेकाड असतं, तिथं मशीन नेऊ नका. तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहन काळातली नावाजलेली गावं. तिथल्या जमिनीतल्या नाण्याची किंमत धातूत नाही, ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं यात आहे. आपण खुरप्यानं उपसलं की ती माहिती कायमची गेली. संरक्षित स्मारकाच्या जागेत विनापरवाना खोदणं हा १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. स्वतःच्या रानात दागिना शोधताना जुनी नाणी लागली तरी १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, नाहीतर शिक्षा आहे. निजामाच्या काळातले हाली सिक्के सापडले म्हणून परस्पर सोनाराकडं जाणारे लोक हे विसरतात.

गुप्तधनाचे फोन तुम्हालाही येतील, बहुधा अमावास्येच्या आसपास. ‘महाराजांनी जागा दाखवलीय, फक्त मशीन लावून खात्री करा.’ जाऊ नका. एकदा तुमचं मशीन तिथं वाजलं, खाली तव्याचा तुकडा असला तरी, की महाराजाच्या शब्दाला पुरावा मिळतो आणि पुढं काय काय होतं ते आपण पेपरात वाचतो. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतात. मी नकार देताना वाद घालत नाही, मशीन दागिन्यांसाठी आहे एवढंच सांगतो.

व्यवहाराचं आधीच बोलून घ्या. सापडलं तर किती, नाही सापडलं तर पेट्रोलचे किती. शोधताना घरातलं एक माणूस कायम शेजारी उभं ठेवा आणि वस्तू दिसली की आपण हात न लावता त्यांनाच उचलायला सांगा. सुतळी बांधून पट्टे पाडा, शोधलेला पट्टा पुन्हा शोधू नका. निघालेले खिळे, पुड्या पिशवीत भरून बाहेर न्या, कारण तीन महिन्यांनी तुम्हालाच त्या रानात बोलावतील. आणि नाहीच सापडलं तर ‘असेल कुठंतरी’ म्हणू नका. कोणते पट्टे, किती खोलीपर्यंत बघितले ते मालकाला दाखवा आणि राहिलेल्या जागा सांगा. बऱ्याचदा मग त्यांनाच आठवतं की त्या दिवशी जेवायला आंब्याखाली बसलो होतो.