गावचा ट्रस्ट काढताय? या चुका टाळा

तालुक्यातल्या गावोगावच्या ट्रस्टची दप्तरे लिहायची, हिशेब ऑडिटला लावून द्यायचे, धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या, हे माझे काम. अभ्यासिका, व्यायामशाळा, सभागृह, दवाखान्याची खोली, स्मशानभूमीची शेड अशा कामांसाठी गावे पैसे उभे करतात आणि त्यात गावाला कुणी शिकवायची गरज नाही. सप्ताहात काल्याच्या दिवशी मंडपातून नावे पुकारायला लागले की तासाभरात आकडा लाखांत जातो. मुंबई-पुण्याला गेलेली पोरे तर मागितले त्यापेक्षा जास्त पाठवतात. घोडे पेंड खाते ते पुढे. वास्तू उभी राहते, फीत कापली जाते, पण ती वास्तू नक्की कुणाची हे एकाही कागदावर नसते. त्याच त्या चुका पाहून आता कंटाळा आलाय, म्हणून लिहितो.

दिलेल्या शब्दावर बांधकाम

एका गावात आबांनी रस्त्याकडेची पाच गुंठे जमीन अभ्यासिकेसाठी देतो म्हणून भर मंडपात जाहीर केले. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झाले. दुसऱ्या दिवशी शंभराच्या स्टॅम्पवर ‘राजीखुशीने जमीन दिली असे’ लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला. मी अध्यक्षांना म्हटले, “तात्या, बक्षीसपत्र रजिस्टर करून घ्या, आबा हिंडते-फिरते आहेत तोवर.” तात्यांचे उत्तर ठरलेले: “अहो, आबांचा शब्द आहे. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा का?”

वर्षभरात स्लॅब पडला. फरशी, खिडक्या, पुस्तकांची कपाटे आली. पुढे आबा गेले आणि वारस नोंदीने सातबाऱ्यावर तीन मुले आणि दोन मुलींची नावे लागली. ट्रस्टचे नाव त्या उताऱ्यावर कधी नव्हतेच. तोवर रस्ता रुंद झाला होता आणि गुंठ्याचा भाव कुठल्या कुठे गेला होता. थोरले दोघे म्हणाले, वडिलांनी दिले ते दिले. धाकट्याने दाराला कुलूप लावले. बहिणी म्हणाल्या, आम्हाला कुणी विचारलेच नव्हते, आणि ते खरेच होते. प्रकरण दिवाणी कोर्टात गेले. शेवटी तडजोड कसली झाली, तर दान मिळालेली जमीन ट्रस्टने विकत घ्यायची. त्यासाठी पुन्हा वर्गणी काढली तेव्हा मंडपात कुणाचा हात वर जाईना. “त्याच जमिनीला किती वेळा पैसे द्यायचे?” या प्रश्नावर तात्यांकडे उत्तर नव्हते.

आता कायदा काय सांगतो ते बघा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीस हे नोंदणीकृत दस्तानेच द्यावे लागते, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारलेले असावे लागते. शंभराचा स्टॅम्प असो की आता पाचशेचा, नोटरीच्या शिक्क्याने मालकी सरकत नाही. वडिलोपार्जित जमीन असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. तेव्हा “बहिणी काय, सही देतीलच” हे बोलणे सही होईपर्यंत धरू नये.

त्यात आणखी एक पेच आहे. शेतजमीन असेल तर ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला किंवा बक्षीस द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मराठवाड्यात आणि विदर्भात कायदे वेगळे आहेत, अडसर तोच. तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईचा, प्रश्न येतो का, हेही दुय्यम निबंधकाकडे दस्त करायच्या आधी विचारायचे, करताना नाही.

माझी सवय सांगतो. जमीन देणाऱ्याच्या घरी चहाला जाताना ताजा सातबारा आणि त्यावर नंबर दिसतात ते जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, खिशात असतात. नावाच्या रकान्याकडे सगळेच बघतात. मी आधी ‘इतर अधिकार’ वाचतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणीचे नाव, कुळाची नोंद, सगळे तिथे दबा धरून बसलेले असते. जुन्या उताऱ्यावर नावामागे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसले की समजायचे, मालक एकटा नाही, अख्खे कुटुंब आहे. मग चहा पिता पिताच विचारतो, “आत्याबाई कुठे दिल्यात?” काहींना हे खटकते. खटकू दे. दस्त झाला, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर ट्रस्टचे नाव दिसले की मगच कुदळ मारायची. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा म्हणून परवानगीआधी भूमिपूजन उरकणाऱ्यांशी मी आता वादही घालत नाही. ते पुढाऱ्याची तारीख घेऊन आलेले असतात, कागदाची नव्हे.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा समजू नका.

गायरानावर बांधायचा विचार असेल तर ग्रामसभेचा ठराव पुरतो हा समज सोडा. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले, तेव्हापासून हे प्रकरण आणखी कडक झाले आहे. काम चांगले आहे म्हणून अतिक्रमण चांगले ठरत नाही.

परिशिष्टावर स्वर्गवासी विश्वस्त

ही माझी दुसरी डोकेदुखी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट नोंदला की विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता परिशिष्ट-१ वर चढते. त्यात काहीही बदल झाला, विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा नेमला, जमीन आली, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. गावात हा अर्ज कोण देतो? कुणीच नाही. शोकसभा होते, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, नवा अध्यक्ष हार घालून घेतो. परिशिष्टावर मात्र जुनेच मंडळ राज्य करत असते.

एका ट्रस्टचा उतारा मी काढला तेव्हा सातपैकी चार विश्वस्त हयात नव्हते. बँकेत सह्या ज्यांच्या होत्या त्यातले दोघे त्या चारांत. देणगीदाराने पाठवलेला धनादेश खात्यात जमा झाला खरा, पण बाहेर निघेना. बँक म्हणे, धर्मादाय कार्यालयाचा बदल मंजुरीचा आदेश आणा. कार्यालय म्हणे, आधीचे बदल आधी मंजूर करून घ्या, त्यांच्या विलंब माफीचे अर्ज द्या, त्या वेळच्या सभेची नोटीस आणि इतिवृत्त आणा. इतिवृत्ताचे रजिस्टर ज्याच्या घरी होते त्याच्या सुनेने ते रद्दीत घातलेले. वर गावात दोन गट पडले आणि दुसऱ्या गटाने हरकत घेतली. दवाखान्याच्या खोलीला पत्रा घालायचे पैसे खात्यात असताना खोलीने दोन पावसाळे उघड्यावर काढले.

यावर माझा उपाय लोकांना थोडा निष्ठुर वाटतो. विश्वस्त गेला की मी तेराव्याला जातो, पानावर बसतो आणि निघताना मुलाला हळूच सांगतो, “मृत्यू दाखला काढशील तेव्हा एक प्रत जास्त काढ.” इतिवृत्ताची पाने नंबर घातलेली ठेवतो, प्रत्येक सभेनंतर त्याच दिवशी फोटो काढून दोन विश्वस्तांना पाठवतो. उपस्थितांच्या सह्या सभा चालू असताना घेतो. घरोघर हिंडून सह्या गोळा करणाऱ्या सचिवावर माझा काडीचा विश्वास नाही. आणि एक: जमिनीचा दस्त झाला म्हणून थांबू नका, तीही परिशिष्टावर चढवा. सातबाऱ्यावर ट्रस्ट आणि परिशिष्टावर कोरे, हा प्रकार दर वर्षी बघतो.

नियमावली दुसऱ्या ट्रस्टची झेरॉक्स मारून भरणाऱ्यांना काय म्हणावे? एकाच्या उद्देशांत शेजारच्या गावच्या मारुती मंदिराचा जीर्णोद्धार होता. यांना काढायची होती अभ्यासिका.

गाळे काढून पैसे उभे करायची युक्ती

सभागृहाचे पैसे कमी पडले की कुणीतरी म्हणते, पुढच्या बाजूला चार गाळे काढू, दोन-दोन लाख देणगी घेऊ आणि गाळा कायमचा देऊन टाकू. ऐकायला झकास. पण ट्रस्टची मिळकत विकायची, किंवा इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. परवानगीशिवाय दिलेला ‘कायमचा’ गाळा टिकत नाही. पैसे दिलेला माणूस मात्र गाळ्यात ठाण मांडून बसतो, वीस वर्षांपूर्वीचेच भाडे देतो, आणि पुढे तोच किंवा त्याचा भाऊ विश्वस्त होतो. गाळे काढाच, वाईट नाही, पण ठरावीक मुदतीचा करार करा आणि देणगी वेगळी, भाडे वेगळे ठेवा. विश्वस्ताच्या नातलगाला गाळा द्यायचाच असेल तर सगळ्यांसमोर बोली लावून द्या.

पैशांच्या बारीकसारीक चुका, ज्या बारीक नसतात

अध्यक्षांच्या स्वतःच्या मोबाईल नंबरचा क्यूआर कोड फलकावर छापू नका. माणूस देवासारखा असेल, त्याचे खाते देवाचे नाही. ट्रस्टच्या नावाचे पॅन, ट्रस्टचे खाते, दोघांच्या सह्या. हे होईपर्यंत फलक छापायची घाई कशाला? ‘आत्ता उत्साह आहे, नंतर थंड पडेल’ असे म्हणतात. चार महिन्यांत थंड पडणारा उत्साह इमारतीची वीजबिले भरणार आहे का?

पावतीपुस्तकांचीही नोंद ठेवा. छापून किती आली, कुणाला कुठल्या नंबरपासून कुठल्यापर्यंत दिली, परत किती आली. मी फाटलेली, चुकलेली पावतीसुद्धा ‘रद्द’ लिहून पुस्तकातच टाचून ठेवतो. एक पुस्तक हरवले की गावात त्या पुस्तकाचीच कथा राहते, बाकी एकोणीस कुणी आठवत नाही.

आयकराची ८०जी मंजुरी हातात नसताना पावतीवर ‘करसवलतीस पात्र’ छापतात. ही सरळ फसवणूक आहे, हेतू काहीही असो. नव्या संस्थेला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मुदत संपण्याआधी नियमित मंजुरीसाठी पुन्हा अर्ज करायचा असतो, तो विसरतात. आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा, मार्चमध्ये त्याचा सीए सांगेल त्याआधी.

गावचा मुलगा अमेरिकेत आहे, पाठवतो म्हणाला. आधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी योगदान ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, मग तो तुमच्याच आळीत वाढलेला का असेना. त्यासाठी एफसीआरए म्हणजे परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. “त्याच्या भावाच्या खात्यावर मागवू आणि तिथून घेऊ” असे सुचवणारा हुशार माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. त्याला खजिनदार करू नका.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीच्या, मागे लागलेल्या नव्या ट्रस्टांना माझे एकच उत्तर असते: कंपनी तुमच्याकडे किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला मागणार, शिवाय हा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी. दुसऱ्या महिन्यात प्रकल्प अहवाल लिहून देणारा एजंट पंधरा हजार घेतो आणि गायब होतो. त्या पंधरा हजारांत दप्तराचे कपाट येते.

शिल्लक पैसे अध्यक्षांच्याच पतसंस्थेत ठेवण्याचा मोह तर फार जुना. एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणे. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा हे विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ ने ठरवून दिले आहे. पोस्ट आणि शेड्यूल्ड बँक त्यात बसतात, पतसंस्था बसत नाही.

इमारत झाली, पुढे काय

आमदार किंवा खासदार निधी घेताना जागा कुणाची आणि बांधून झाल्यावर वास्तू कुणाच्या नोंदवहीत जाणार, हे आधी लेखी घ्या. निम्मी भिंत वर्गणीची आणि निम्मी निधीची असली की छत गळताना ग्रामपंचायत ट्रस्टकडे बोट दाखवते, ट्रस्ट ग्रामपंचायतीकडे.

रुग्णवाहिका भेट मिळाली की सगळे हुरळून जातात. चावी देतानाचा फोटो झाला की विमा, डिझेल, टायर आणि रात्री दोनला फोन उचलणारा ड्रायव्हर कुणाच्या डोक्यात नसतो. तिसऱ्या वर्षी ती ग्रामपंचायतीमागे बंद पडून उभी दिसते आणि कोंबड्या आत अंडी घालतात. माझ्या हातातल्या ट्रस्टांना मी स्पष्ट सांगतो: ड्रायव्हरचा दोन वर्षांचा पगार आणि विम्याचा हप्ता मुदत ठेवीत दाखवा, मगच चावी घ्या. देणारा थांबायला तयार नसेल तर त्याला रुग्णवाहिकेऐवजी ठेवीची पावती द्यायला सांगा. बहुतेक जण तिथेच मागे हटतात, कारण ठेवीच्या पावतीवर नाव रंगवता येत नाही.